ओढ्यापलीकडचा गोठा

"देवळाच्या भिंतीवरून गाव मोजू नका, तेजस्विनीताई," अमृत म्हणाला होता. "भिंतीवर ज्यांची नावं नसतात, त्यांच्यासाठीच तर मी वणवण करतो."

तेजस्विनी हसली होती. "तुम्ही जा शंभर वर्षं मागं. मला आजच्या आज बोटं टोचायचीत."

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेचा तो जोडप्रकल्प. एक बाजू तेजस्विनीची. टपालाच्या तिकिटाएवढी पारदर्शक चिप, तिच्या पोटात केसाहून बारीक नाल्या. रक्ताचा थेंब सोडायचा आणि मोबाइलला लावलेल्या भिंगातून बघायचं. धडधाकट रक्त पाटाच्या पाण्यासारखं सरळ वाहतं. सिकलसेल असला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठरतात आणि अरुंद जागी अडून बसतात. आईबापाकडून लेकराला येणारा हा आजार. दुसरी बाजू अमृतची. तो इतिहासाचा माणूस. डोंगरातल्या वाड्यांमध्ये कुणी कुठला देव धरला, कुठला सोडला आणि सोडल्यावर त्याच्या घराचं काय झालं, हे तो म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायाशी बसून लिहून घ्यायचा. रक्तातून आजार उतरतो, तसे माणसांचे निर्णयही पिढ्यापिढ्या उतरतात, असं त्याचं म्हणणं. तेजस्विनीला ते भाषणात शोभणारं वाक्य वाटायचं.

वाडी होती जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरच्या अंगाला. तिचं नाव सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय. वाडीच्या देवापुढं रोज संध्याकाळी एका घरानं दिवा लावायचा, अशी पाळी. कुणाच्या मागं कोण, ते देवळाच्या आतल्या भिंतीवर निळ्या रंगानं लिहिलेलं. एकेचाळीस घरं. मतदारयादीत मेलेली माणसं होती, रेशनच्या यादीत पुण्याला गेलेली. भिंत मात्र ताजी. दिवाबत्तीची व्यवस्था सावळेरामकाका बघायचे. ते छातीला हात लावून म्हणाले, "मॅडम, ह्या भितीवर न्हाई, त्यो आमच्या वाडीत न्हाई."

तेजस्विनीनं भिंतीचा फोटो काढला आणि त्यावरून घरं वाटून घेतली.

दोन दिवसांत एकेचाळीस घरं झाली. बाया लाजत, हसत बोटं पुढं करायच्या. "बाई, एवढं रगात काढती, मग च्याबरोबर गूळ तरी दे," म्हणायच्या. आजाराचे वाहक तिघं निघाले, आजारी कुणीच नाही. निघताना ओढ्यापलीकडं तिला धूर दिसला.

"काका, तिकडं कोण राहतं?"

"तिकडं? गोठा हाय त्यो."

धुराशेजारी दोरी होती. दोरीवर एक चिमुकला तांबडा फ्रॉक वाळत होता. तेजस्विनीनं तो पाहिला. नीट पाहिला, कारण लहान लेकराचे कपडे तिच्या नजरेतून सुटायचे नाहीत. गोठ्यात फ्रॉक कुणाचा, एवढं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि फोन वाजला.

अवसरी बुद्रुकवरनं सासूबाई, साळुबाई. "शौर्याचं अंग तापलंय. लोकाच्या पोरांचं रगात बघत हिंडतीस, आपल्याचं कपाळ बघायला कधी येनार?"

शौर्य तेव्हा सव्वा वर्षाचा. तेजस्विनीनं फोन ठेवला. ती गाडीत बसली ती मागं वळून न बघता. पोराला साधी सर्दी होती. दोन दिवसांत तो घरभर पळायला लागला. फ्रॉक ती विसरली. अहवालात तिनं लिहिलं: वाडीतील सर्व घरांची तपासणी पूर्ण. 'सर्व' हा शब्द टाइप करताना तिला समाधानही वाटलं होतं.

डिसेंबरात अमृत मंचरच्या एसटी स्टँडवर तिला भेटायला आला. चहा सांगितला, पण कप हातात धरून नुसता बसला.

"तुमच्या फोटोत सतराव्या आणि अठराव्या नावाच्या मधी काय दिसतंय?"

तिनं मोबाइलवर फोटो मोठा केला. एक पांढुरका चौकोन. "ओल आली असेल."

"ओल नाही. खरवडून वर चुना लावलाय. नावं नव्यानं लिहितात, तेव्हाही ती जागा तशीच सोडतात." त्यानं पिशवीतून एका जुन्या अर्जाची झेरॉक्स काढली. "सत्तर वर्षांपूर्वीचा, मामलेदाराला केलेला. अर्ज करणारा हा वाडीचाच गृहस्थ महानुभाव पंथाचा उपदेश घेऊन आला. पंथात दुसऱ्या देवाला भजायचं नसतं, बळी द्यायचा नसतो. त्यानं दिव्याची पाळी घेतली नाही. वाडीनं पाणी बंद केलं. तो लिहितो, आमचा देव आम्हास धरू द्यावा, आम्ही कोणाचा मोडीत नाही."

"मग ते घर कुठं गेलं?"

"कुठंच गेलं नाही, ताई. ओढ्यापलीकडं आहे."

तेजस्विनीनं कप खाली ठेवला. तिला आधी दिसला तो तांबडा फ्रॉक. मग दोरी. मग धूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिपांची पेटी घेऊन निघाली. वाटेत तिनं मनाशी घोकलं: घर असेल, माणसं धडधाकट असतील, आपण टोचू, लिहू, माफी मागू. शेजारी अमृत जुना अर्ज पुन्हा वाचत बसला होता.

ओढा ओलांडल्यावर घर लागलं. पत्रा, कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेलं अंगण. देवाचा टाक नाही, शेंदूर नाही. कृष्णाची एक तसबीर आणि तिच्यापुढं पुस्तक. अर्ज करणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव चिमाजीबाबा उठून उभे राहिले. "दंडवत प्रणाम," म्हणाले. पंथाची रामरामाची तीच रीत. त्यांची बायको लंकाबाई चुलीपाशी होती. सून प्रतिभा पदराखाली नऊ महिन्यांचं पोर घेऊन बसलेली. मुलगा रामनाथ नारायणगावच्या बाजारात हमालीला, आठवड्यानं यायचा.

तेजस्विनीनं चिपचं सांगायला सुरुवात केली. लंकाबाईनं हात वर केला.

"तूच का ती? माघात वाडीत आल्याली? रगात बघनारी?"

"हो."

"आमी ह्या दारात बसून बघत व्हतो. म्हनलं, येतील आता. भागूला न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक धुऊन वाळत टाकला, डाक्टरीनबाई येनार म्हनून. तुमची गाडी धुरळा उडवत गेली."

तेजस्विनीनं इकडंतिकडं पाहिलं. घरात मुलगी नव्हती. तांबडा फ्रॉक होता. तो प्रतिभाच्या मांडीवर, बाळाखाली दुपट्यासारखा अंथरलेला होता.

"भागू कुठंय?" तिनं विचारलं. विचारताक्षणी तिला कळलं, पण शब्द तोंडातून सुटून गेले होते.

प्रतिभा खाली बघून बोलली. "शिमग्यात गेली. तीन वर्साची व्हती. सारखे हातपाय दुखायचे. मग ताप आला. वाडीची जीप सकाळी जुन्नरला जाती. आमाला घेत न्हाईत. ह्यांनी पाठीवर घेऊन एसटीसाठी घाटघर गाठलं. तवर..."

चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर रान तसंच होतं, ऊन तसंच होतं, आणि तेजस्विनीला वाटलं, कुणी तरी आपल्या कानाखाली वाजवलीय आणि आवाज अजून थांबलेला नाही. माघ, मग शिमगा. मधे महिनाभर. एक थेंब, एक चिप, दहा मिनिटं. औषध सुरू झालं असतं. ताप आल्याबरोबर निघा, थांबू नका, एवढं तरी कुणी सांगितलं असतं.

बाळ कुरकुरलं. प्रतिभानं त्याला खांद्यावर घेतलं आणि तेजस्विनीनं त्याचे हात पाहिले. दोन्ही पंजे फुगलेले, बोटं टम्म. पायही तसेच.

"हे कधीपासून?"

"चार दिस. थंडीनं आलं आसंल. भागूला बी ह्याच वयात असंच आल्यालं."

"मी ह्याचा एक थेंब घेऊ? तुम्ही हो म्हणालात तरच."

प्रतिभानं सासऱ्याकडं पाहिलं. चिमाजीबाबा म्हणाले, "माज्याकडं काय बघती? लेकरू तुजं हाय. आमी कुनाला जोर केला न्हाई, म्हनून तर हितं बसलोय."

तेजस्विनीनं आजवर शेकडो बोटं टोचली होती, तरी पहिली चिप तिच्या हातून पडली. दुसरीत थेंब गेला. भिंगाखाली रक्त निघालं, पहिल्या वळणापर्यंत बरं आलं, मग एक पेशी वाकली, तिच्यामागं दुसरी. नाली भरत गेली. पाच मिनिटांत सगळं थांबलं. तपासणीच्या कामात तिनं असं थांबलेलं रक्त कधी पाहिलं नव्हतं. तिनं ते फक्त प्रयोगशाळेतल्या नमुन्यांमध्ये पाहिलं होतं. त्या नमुन्यांना नाव नसायचं.

"ही चिप शेवटचा शब्द नाही," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "पण आत्ता निघायचं. जुन्नरला. माझ्या गाडीतनं."

ओढ्याशी सावळेरामकाका उभे होते. बाळाला पदरात लपेटून बसलेल्या प्रतिभाला गाडीत पाहून त्यांनी तोंड फिरवलं. तेजस्विनी खाली उतरली.

"काका, गोठा म्हणाला होतात तुम्ही."

"व्हय."

"खोटं बोललात."

म्हातारा खरोखर गोंधळला. "खोटं कशाला बोलू, मॅडम? आमच्या बापापासनं गोठाच म्हंत्यात त्याला. घर म्हनायची रीतच न्हाई. पोरं बी गोठाच म्हंत्यात." मग जरा थांबून, हळू आवाजात, "भागी गेली तवा मी रातभर जागा व्हतो. पन जायाची रीत न्हाई."

तेजस्विनीला शिव्या द्यायच्या होत्या. पण ह्या माणसानं तिला फसवलं नव्हतं. त्याच्या तोंडी जे आलं ते त्याच्या वाडीचं सत्तर वर्षांचं बोलणं होतं, आणि ते तिनं एका फोटोत उतरवून, खाली सही करून, 'सर्व घरं' म्हणून पुण्याला पाठवलं होतं.

जुन्नरच्या दवाखान्यात मोठी तपासणी झाली. निदान तेच. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या चालू केल्या आणि प्रतिभाला तीन गोष्टी पाठ करायला लावल्या: बाळाला गारठ्यात ठेवायचं नाही, दूधपाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि ताप आला तर एक रात्रसुद्धा थांबायचं नाही. प्रतिभानं तिसरी गोष्ट दोनदा म्हणून दाखवली.

अहवाल दुरुस्त करायचा म्हटल्यावर प्रकल्पाचे प्रमुख म्हणाले, एक तळटीप घालू. तेजस्विनीनं तळटीप घातली नाही. पहिल्याच पानावर लिहिलं: बेचाळीस घरांपैकी एकेचाळीस तपासली; बेचाळिसाव्यात, तपासणीनंतर महिनाभरात, भागू वारली. अमृतनं जुन्या अर्जाची नक्कल, चिमाजीबाबांच्या सहीचा नवा अर्ज आणि जीपची तक्रार तहसीलदारांकडं दिली. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, हे त्यानं बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "कागुद माज्या बापानं बी दिल्ता, राव. तू बी दे. पन आदी पोराच्या तापाचं बघ."

ते ऐकल्यापासून तेजस्विनीला झोप नाही. घरी शौर्यचं कपाळ ती दिवसातनं दहा वेळा चाचपते. साळुबाई म्हणतात, "त्याला काय झालंय? चांगला तर हाय." तो चांगला आहे, म्हणूनच ती चाचपते. ओढ्यापलीकडं फोनला रेंज नाही. अवसरीहून तिकडं जायला अर्धा दिवस जातो. ती दर रविवारी जाते, पण ताप रविवार बघून येत नाही. जीप अजून त्यांना घेत नाही. आणि सध्या पौषातली थंडी आहे.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. थंडीत तुम्ही नाणेघाट बघायला त्याच वाटेनं जाता. घाटघरच्या अलीकडं उजव्या हाताला ओढा लागतो. पलीकडं धूर दिसेल. कुणाला विचाराल तर गोठा आहे, असं सांगतील. तुम्ही तरी ओढा उतरून जा. दारात 'दंडवत प्रणाम' म्हणा. प्रतिभाला सांगा, तेजस्विनीनं पाठवलंय. बाळाचं कपाळ बघा, हात बघा. अंग तापलेलं असेल, तर नाणेघाट उद्या बघा. आधी त्याला तुमच्या गाडीत घ्या आणि जुन्नर गाठा.