चार दारांचे घर

मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि तीही लहान. चार माणसे बसली की पाचव्याने श्वास रोखून धरावा, एवढीच माझी ऐपत. मित्रांनो, आत्मवृत्त सांगावे असे माझ्या हातून काही मोठे घडलेले नाही. मी शर्यत जिंकली नाही की कोणा थोर माणसाला कुठे पोचवले नाही. तरी जसे आठवते तसे सांगते. मध्येच दम लागला तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग फिकट निळा होता. आता तो कुठे निळा, कुठे राखाडी आणि दारांच्या कडांना तांबूस झाला आहे. पहिली चाकरी मी मोटार शिकवणाऱ्या एका गुरुजींकडे केली. माझ्या टपावर पाटी बसली आणि रोज कोणी ना कोणी नवशिका माझ्या क्लचवर पाय ठेवून घाम गाळू लागला. कोणी मला भिंतीवर घातले, कोणी चढावर मागे सोडून दिले. गुरुजी शांतपणे म्हणत, "अहो, ती ओरडत नाही म्हणून काय वाटेल ते करायचं?" माझ्या बाजूने बोललेले ते पहिले माणूस. पुढे क्लच झिजला तेव्हा त्यांनीच मला विकून टाकले. मला त्याचा राग नाही. दमलेल्याला कोण पोसत बसतो?

मग मला एका जोडप्याने घेतले. त्यांचा धंदा पडद्यांचा. मालक घरोघरी जाऊन खिडक्यांची मापे घेत, बाई पडदे शिवत. माझ्या पोटात कापडाचे तागे आणि टपावर पडद्यांच्या दांड्या. ते दिवस चांगले होते. त्यांची मुलगी, जिला घरात सगळे ठमी म्हणत, सुट्टीच्या दिवशी मला ओल्या फडक्याने पुसायची. निम्मे पाणी मला, निम्मे स्वतःला. "आपली गाडी म्हणजे गरीब गाय," मालक म्हणत. तेवढ्या एका वाक्याच्या बळावर मी कितीतरी चढ चढून गेले.

मालक आजारपणात गेले. धंदा गुंडाळावा लागला. बाई दुसऱ्याच्या पडद्यांच्या दुकानात शिवणावर बसू लागल्या. ठमी तेव्हा दूरच्या गावी जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. तिचे शेवटचे वर्ष तेवढे राहिले होते, आणि नेमके तेव्हाच घरमालकाने भाडे वाढवले. बाईंच्या पगारात खोलीचे भाडे आणि मुलीची फी, दोन्ही काही केल्या बसेना.

एका संध्याकाळी बाई टेप घेऊन माझ्याजवळ आल्या. मागची बैठक आडवी मोजली, उभी मोजली, खालची जागा मोजली. मला वाटले, विकायच्या आधी माप घेत असतील. पण त्यांनी टेप गळ्यात टाकली, माझ्या टपावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "मावते मी."

मग घर लहान होत गेले. कपाट गेले, पलंग गेला, भांडी शेजारणीने नेली. उरले ते एक उशी, पांघरूण, पातेले, मालकांची मोठी कात्री आणि दोन ताटल्या. पुढची बैठक म्हणजे स्वयंपाकघर, मागची म्हणजे झोपायची खोली आणि डिकी ही अडगळीची. अंघोळ दुकानाच्या न्हाणीघरात, सगळ्यांच्या आधी जाऊन.

मी चांगले घर नाही, मित्रांनो. उन्हात मी तापते, थंडीत गारठते. बाई पाय पोटाशी घेऊन झोपत. सकाळी माझे दार धरून उभ्या राहत आणि कापडाची घडी उलगडावी तशा हळूहळू सरळ होत. रोज जागा बदलावी लागे. आज शाळेच्या भिंतीजवळ, उद्या दवाखान्याच्या मागे. एके ठिकाणी फार राहिले की लोक चौकशी करतात. आणि बाईंना धास्ती एकच होती. ठमीच्या कानावर गेले तर ती शिक्षण अर्धवट टाकून येईल.

ठमीचा फोन आला की मी ऐकत असे.

"नवी जागा कशी आहे गं आई?"

"लहान आहे. पण चारी बाजूंनी खिडक्या आहेत."

"आणि दारं?"

"चार. एकट्या बाईला आणखी किती लागतात?"

"शेजारीपाजारी?"

"रोज नवे."

ठमी हसायची. फोन ठेवला की बाई स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसत, हॉर्न वाजणार नाही इतक्या बेताने.

सुरुवातीला त्यांनी माझ्या काचांना आतून वर्तमानपत्रे लावली होती. पण जन्मभर पडदे शिवलेल्या बाईला ते बघवेना. दुकानातले उरलेले तुकडे मागून आणले आणि माझ्या एकेका काचेला पडदा शिवला. माझ्या काचा तिरक्या, तरी कड कशी बरोबर जुळली. सारख्या चुण्या, दुहेरी दुमड, पहाटेचा उजेड येऊ नये म्हणून मागून अस्तर. मी नवी होते तेव्हाही माझे एवढे लाड झाले नव्हते. मी सुखावले. आणि तिथेच आम्ही दोघी चुकलो.

एके दुपारी ठमी न कळवता आली. दुकानात कापड कापणारे काका तिला म्हणाले, "आई ना? मागच्या आवारात गाडीत बसून जेवते ती. आमच्या गप्पांना विटली असेल बिचारी."

दुपारचा डबा गाडीत खाण्यात काही वावगे नव्हते. ठमी आली, बाईंच्या शेजारी बसली, त्यांच्या डब्यातला घास उचलला. मग पिशवी मागे ठेवायला वळली आणि वळलेलीच राहिली. हात लांब करून तिने पडद्याची कड उलटून पाहिली.

"अस्तर लावलंयस."

"ऊन लागतं."

"आई, अस्तर तू फक्त झोपायच्या खोलीला लावतेस. बैठकीच्या खोलीला मागितलं तर गिऱ्हाइकाशी भांडतेस, कापड वाया जातं म्हणून."

बाईंनी डब्याचे झाकण लावले. ते नीट बसेना.

"चार दारं," ठमी म्हणाली. "शेजारी रोज नवे."

"खोटं नव्हते बोलले."

"नव्हतीस. त्याचाच जास्त राग येतोय." ती समोरच्या काचेतून बाहेर बघू लागली. "मी आता परत जात नाही. कुठंतरी नोकरी धरते. दोघींची मिळून एक खोली होईल."

"तू गाईम्हशींची पोटं बघ. माणसांच्या पोटात शिरू नकोस."

"हसवू नकोस मला."

"हसलीस कुठे?"

त्या रात्री दोघी माझ्यातच राहिल्या. मावल्या नाहीत, पण राहिल्या.

सकाळी बाईंनी मला बसस्थानकावर नेले. ठमीची बस लागली होती. ती मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. बाई उतरल्या, वळसा घालून आल्या आणि तिच्या बाजूचे दार उघडून उभ्या राहिल्या.

"उतर."

"नाही."

"ठमे, मी इथं पाय मुडपून झोपते ते तुझं वर्ष पुरं व्हावं म्हणून. आत्ता उतरली नाहीस ना, तर आई नुसतीच गाडीत झोपली, एवढंच उरेल."

कोणाची बाजू घ्यावी ते मला कळेना. बाईंचे खरे होते आणि मुलीचेही काही चूक नव्हते. गाडीला निवाडा करता येत नाही, हे एक बरे आहे.

"मग एक कर," ठमी अखेर म्हणाली. "रोज खरं सांगायचं. मी विचारायच्या आधी. कुठे उभी आहेस, काय दुखतंय, सगळं."

"त्यानं तुला काय मिळणार?"

"झोप. तू सगळं छान म्हणायचीस ना, तेव्हा मला झोप लागायची नाही. म्हणून तर आले, न सांगता."

बाईंनी मान डोलावली. ठमी उतरली. बस वळणाआड गेली तरी बाई उघडे दार धरून तशाच उभ्या होत्या.

संध्याकाळी फोन आला. बाई सवयीने "छान आहे" म्हणायला गेल्या आणि थांबल्या.

"दवाखान्याच्या मागे आहे," त्या म्हणाल्या. मग जराशाने, परक्या भाषेतला शब्द उच्चारावा तशा चाचरत, "मान अवघडली आहे गं. दमले मी आज."

पलीकडे ठमी ऐकत राहिली. मीही ऐकले. इतक्या महिन्यांत बाई हे पहिल्यांदाच बोलत होत्या.

ठमीचे वर्ष अजून संपायचे आहे, आणि आम्ही अजून जागा बदलत फिरतो. मित्रांनो, उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. आम्हा गाड्यांसाठी मागायचे तर इतकेच, की चाकांत हवा भरा, पाणी बघत जा, आणि पोटातून खडखड ऐकू आली तर रेडिओचा आवाज वाढवू नका. तुमच्या घरात कोणी रोज "मी बरी आहे" म्हणत असेल, तर तिलाही एखाद्या दिवशी दमू द्या. हल्ली चढावर माझे इंजिन कण्हते. पूर्वी बाई ते ऐकून न ऐकल्यासारखे करत. आता त्या गिअर उतरवतात आणि म्हणतात, "सावकाश चल बाई. दमलीस ना, दिसतंय मला."