नाकाचं तेल

"शी, बाबा! माझ्या चष्म्याला ते नाकाचं तेल लावू नका हं."

बाबांचा हात नाकाशी पोचता पोचता थांबला. चिमट्यात चष्म्याच्या काडीचा इवलासा स्क्रू. चष्मे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि अडलेला प्रत्येक स्क्रू ते आधी नाकाच्या कडेला घासत. "कातडीखाली तेलाचे एवढे बुधले भरलेत, वाया का घालवायचे?" हे गिऱ्हाइकांनाही ऐकवत. लेकीने नेमकं तेच चकचकीत नाक उचललं होतं. ती ते सारखी रुमालाने टिपायची.

"नाकावर माशी बसू देत नाहीस, तिथे तेलाची काय कथा!" त्यांनी स्क्रू कोरडाच फिरवला. "अर्ध्यावर अडलाय बघ. दगा देईल."

"चालेल तसाच."

"सोमवारी परगावी निघालीस. एकटी राहणार. भीती नाही ना वाटत?"

"छे! मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ते हसले. दुकानाचं शटर ओढायला वाकले, ते पुन्हा उभे राहिलेच नाहीत.

इस्पितळात त्यांना काचेपलीकडे ठेवलं होतं. ती बाहेर बाकावर, त्यांच्या छातीवर नजर लावून. छाती वर, छाती खाली. अचानक आत धावपळ उडाली. ती ताडकन उठली आणि चष्म्याची काडी निखळली. स्क्रू स्वेटरच्या लोकरीत अडकला.

समोर नुसते पांढरे डाग. यातले बाबा कुठले? तिने चष्मा हातानेच डोळ्यांवर धरला, पण हात असे लटपटत होते, की छाती हलतेय की चष्मा, तेच कळेना.

ती फरशीवर बसली. कोपरं बाकावर घट्ट टेकवली. लोकरीतला स्क्रू काढून भोकात बसवला, नखाने फिरवला. अर्ध्यावर अडला. पुन्हा काढला. पुन्हा अडला.

मग तिचा हात आपसूक नाकाकडे गेला. रात्रभरात ते कुणी टिपलं नव्हतं. तिने स्क्रू कडेला घासला. या खेपेला तो गुमान आत गेला.

तिने चष्मा चढवला. आता काहीच हलत नव्हतं. छातीही नाही.

कुणीतरी दार उघडून तिला आत घेतलं. तोंडातली नळी काढलेली होती. बाबांच्या नाकावर अजून चमक होती. ती त्यांच्या कानाशी वाकली.

"वाटते, बाबा," ती म्हणाली. "खूप भीती वाटते."