टेम्पी आजीची शेजारीण

गिलमची काळी मोटार ओढ्याच्या काठानं घरोघर थांबत वर येत होती. ती थांबली की इंजिनाची धडधड बंद व्हायची आणि डोव्हीच्या छातीतली सुरू व्हायची. पायथ्याच्या सफरचंदाच्या बागा या एप्रिलात अशा फुलल्या होत्या की डोंगरानं गुडघ्यापर्यंत दुधात पाय सोडलेत असं वाटावं. डोव्हीला मात्र त्यातलं एक फूल दिसत नव्हतं. तिला दिसत होती ती वाट, आणि वाटेवरची धूळ.

शिरगणती होती. दर दहा वर्षांनी सरकार परगण्यातली माणसं मोजायचं, आणि प्रत्येक नावापुढं त्याचा वंश एका अक्षरात लिहायचं. गोरा, काळा, नाहीतर इंडियन, म्हणजे गोरे यायच्या आधीपासून या डोंगरात राहणारी माणसं. यंदा ते काम तिठ्यावरच्या दुकानदार गिलमकडं आलं होतं. "शपथ घेतलीय मी. दिसेल ते लिहीन," असं तो दुकानात दहाजणांसमोर म्हणाला होता. त्यातल्या नऊजणांनी ते डोव्हीला येऊन सांगितलं होतं.

तिची लेक व्हर्ना आत मक्याची भाकरी तव्यावर टाकत होती. सहावा महिना. मागच्या पानगळीत तिनं लाकूड कारखान्यातल्या क्लाईडशी लग्न केलं, शेजारच्या परगण्याच्या कचेरीत, दोघं गोरे आहोत अशी सही करून. क्लाईड गोराच होता. व्हर्ना दिसायला बापावर गेली होती, पण रक्तात आजी होती. आणि कायदा म्हणत होता, गोऱ्यानं गोरीशीच लग्न करायचं. नाहीतर लग्न रद्द, आणि दोघांनाही एक ते पाच वर्षं तुरुंग. कुणीतरी जळकुट्यानं कागाळी केली होती. कोर्टातल्या कारकुनानं क्लाईडला बोलावून एवढंच सांगितलं, "शिरगणतीत तुझ्या बायकोच्या नावापुढं काय लागतं ते कळेलच. मग बघू."

म्हणजे एका अक्षरावर सगळं टांगलेलं.

आणि त्या अक्षराच्या आड बसली होती टेम्पी आजी, डोव्हीची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळीच दोघींची जुंपली होती.

"आई, एक शब्द. गोरी म्हण. तुझ्या जिभेला काय काटे येणारेत?"

"काटे नाही, किडे पडतील." टेम्पी आजी ओकच्या पट्ट्या सोलत टोपली विणत होती, मानही वर केली नाही. "लहानपणी मला मिश्र लिहिलं. लग्न झालं, गोरी लिहिलं. तुझा बाप गेला, लगेच काळी. कातडी एकच बाई, पण सरकारचे डोळे दर दहा वर्षांनी नवे येतात. मला कधी कुणी विचारलंच नाही. आता मरायच्या आधी एकदा तरी माझ्या आईचं नाव सांगू दे."

"आणि या पोरीच्या पोटातलं?"

आजीचे हात थांबले. "त्याचं मी बघते," ती म्हणाली.

"काय बघतेस? तो विचारणार, ही कोण? घरमालकिणीची आई. आई इंडियन, तर लेक कोण? नात कोण? त्याला काय गणित येत नाही?"

आजीनं पुढची पट्टी सोलायला घेतली. मग डोव्ही गाईकडं गेली, आणि परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी. ओकच्या पट्ट्या नाहीत, घोंगडी नाही, व्हर्नाच्या आजोबांचा कळकट झालेला कॉफीचा डबाही नाही.

"आजी कुठाय गं?"

"मला वाटलं तुझ्याकडं गोठ्यात आली," व्हर्ना म्हणाली.

म्हातारी वाटेतच गिलमला गाठायला गेली की काय? भर रस्त्यात, मोटारीपुढं उभी राहून? ती दारापर्यंत धावली. पण मोटार फाटकात आली होती.

गिलम उतरला. टोपी काढून घाम पुसला, रुंद पुस्तक काखेतून काढून ओसरीच्या कठड्यावर पसरलं. वर्षानुवर्षं तो डोव्हीला साखर तोलून देत आला होता, आणि काट्याकडं बघावं तसं आज तिच्याकडं बघत होता.

"घराची मालकीण?"

"मी. डोव्ही टॅकेट. विधवा."

"वंश?"

"गोरी."

पेन थांबलं. एक काळी माशी कागदावर बसली, तिला त्यानं हातानं उडवलं. मग लिहिलं. व्हर्ना, लेक, गोरी. क्लाईड, जावई, गोरा. व्हर्ना चुलीपाशी हात पोटावर धरून उभी होती. भाकरी करपल्याचा वास आला, पण कुणी हललं नाही.

"आणि म्हातारी?"

"म्हातारी... ती..."

"मागच्या आठवड्यात माझ्याकडं टोपल्या आणल्या होत्या तिनं. मेली तर नसेल? मेली असेल तरी गणती एक एप्रिलची आहे, त्या दिवशी जिवंत होती, लिहावी लागेल."

तेवढ्यात त्याची नजर डोव्हीच्या खांद्यावरून वर गेली. वर, चेस्टनटच्या वाळक्या झाडांपलीकडं, आजोबांची जुनी खोपी होती. ते गेल्यापासून ओस. आणि त्या खोपीच्या धुराड्यातून धूर निघत होता. जाड, पिवळट, ओल्या लाकडाचा धूर.

"तिथं कोण राहतं?"

डोव्हीला तेव्हा कळलं. कॉफीचा डबा का गेला ते कळलं.

"चल," गिलम म्हणाला. "धूर तिथं घर. घर तिथं मला लिहायला लागतं. वाट दाखव."

चढण उभी होती. गिलम धापा टाकत होता, डोव्ही त्याच्यापुढं चालत होती, आणि तिच्या पायांना प्रत्येक दगड ओळखीचा असून पाय अडखळत होते. जवळ आल्यावर आतून गुणगुण ऐकू आली. डोव्हीनं ती पाळण्यात ऐकली होती, व्हर्नानंही.

झऱ्याच्या पाण्याला, रंग कोण लावी
ओंजळ भरावी, ज्याची त्यानं

गिलमनं दार वाजवलं. गुणगुण थांबली.

टेम्पी आजी चुलाण्यासमोर पालथ्या बादलीवर बसली होती, विणायची टोपली मांडीवर. डोळे धुरानं लाल. धुराड्यातून पाखरांच्या घरट्याच्या काड्या खाली निखाऱ्यावर पडत होत्या. कोळिष्टकं कोपऱ्यात तशीच. चुलीत एक मूठही जुनी राख नव्हती. गिलमनं ते सगळं पाहिलं. डोव्हीनं त्याला पाहताना पाहिलं.

"टेम्पी आजी, तू इथं राहतेस?"

"मग काय नाचायला आले? बस बाबा. बसायला काही नाही, पण बस."

"कधीपासून?"

"एप्रिलच्या आधीपासून. तुला तेवढंच लागतं ना?"

गिलमच्या ओठाचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही. त्यानं पुस्तक गुडघ्यावर उघडलं. "घरात आणखी कोण?"

"मी आणि धूर."

"वंश?"

आजीनं टोपली बाजूला ठेवली. पाठ ताठ केली. डोव्हीनं तिला इतकं उंच बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "इंडियन. माझी आई इंडियन, तिची आई इंडियन. या डोंगराला तुम्ही नाव द्यायच्या आधीच्या आम्ही."

"हे बघ, वरून सांगणं असं आहे..." गिलमनं मान खाजवली. "या डोंगरातले सगळे काळ्यात लिही, असं साहेबानं तोंडानं सांगितलंय. छापील नियमात मात्र आहे, की आसपासचे लोक इंडियन मानत असतील तर इंडियन लिहायचं." तो वळला. "आसपासचं कोण आहे? डोव्ही, तूच आहेस. हिला लोक काय मानतात?"

खोपीत फक्त ओलं लाकूड फसफसत होतं.

"इंडियन," डोव्ही म्हणाली.

"आणि तू हिची कोण?"

डोव्हीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, आयुष्यात सगळ्यात आधी शिकलेला शब्द. तो बाहेर पडला असता तर खालच्या घरातल्या तिन्ही अक्षरांवर पाणी पडलं असतं. आणि तो गिळला तर? तिनं आईकडं पाहिलं. आई तिच्याकडं बघतच नव्हती. ती पट्टी दातात धरून सोलत होती.

"माझं कुणी नाही," टेम्पी आजी म्हणाली, पट्टी दातातून काढून. "मूलबाळ नाही. ही खालची बाई. कधीमधी दूध आणून देते, बरी आहे बिचारी. पण जीभ लांब आहे."

गिलम डोव्हीकडं बघत राहिला. "खरं?"

"शेजारीण," डोव्ही म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला विहिरीतून आल्यासारखा वाटला.

गिलमनं मान वळवली. जुनी राख नसलेल्या चुलीकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं. ती घोंगडी त्याच्याच दुकानातून डोव्हीनं नेलेली होती. मग त्यानं पेन टेकवलं. कागदावर पेन करकरल्याचा आवाज डोव्हीला हाडात ऐकू आला. त्यानं पान फिरवून म्हाताऱ्या डोळ्यांपुढं धरलं. वाचता येत नव्हतं तिला, तरी धरलं.

"इंडियन," तो म्हणाला. "एकटी."

"वाचलं मी," टेम्पी आजी म्हणाली.

दारातून बाहेर पडताना तो थांबला, डोव्हीकडं न बघता बोलला. "जूनमध्ये साहेब पुस्तकं तपासतो. अधूनमधून घरंही तपासतो. मोजलेलं माणूस मोजलं तिथंच सापडलं पाहिजे. नाहीतर शपथ मी घेतलीय, मान माझी जाईल. आणि मी गेलो तर एकटा जाणार नाही." उतरत गेला. खाली मोटारीचा आवाज झाला आणि ओढ्यापलीकडं विरला.

"आई," डोव्ही म्हणाली.

"कोण आई?" टेम्पी आजीनं टोपली उचलली. "खाली जा. भाकरी करपलीय तुमची, इथपर्यंत वास येतोय."

संध्याकाळी उन्हं बागांवरून सरकली. डोव्हीनं गाईचं धारोष्ण दूध किटलीत भरलं. दुसऱ्या हातात जाडी गोधडी घेतली, मग वाटलं शेजारीण कशाला गोधडी नेईल, तरी घेतलीच.

"आजी बाळ झाल्यावर तरी खाली येईल ना?" व्हर्नानं विचारलं.

डोव्हीनं किटलीचं झाकण घट्ट बसवलं आणि निघाली.

वर धूर आता पातळ झाला होता, सरळ जात होता. लाकडं वाळू लागली असावीत. आत गुणगुण चालली होती. खोपीच्या दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. डोव्हीनं जन्मात आईच्या दारावर कधी टकटक केली नव्हती. तिनं किटली खाली ठेवली, मूठ वळली आणि वाजवलं.

गुणगुण थांबली. "कोण?"

"शेजारीण."

मग बादली सरकल्याचा आवाज आला, आणि जुनी पावलं दाराकडं येऊ लागली. डोव्ही उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, गोधडी छातीशी धरून, बोलावण्याची वाट बघत.