दोन किलोमीटर अलीकडे

मी एक जुना मैलाचा दगड आहे. नाव मैलाचा, पण पोटावर आकडा किलोमीटरचा. आपल्याकडे कामं बदलली तरी नावं बदलायला वेळ लागतो, तेवढं समजून घ्या. सोलापूर रस्त्यावर हडपसर मागे टाकून पुढे आलात की डाव्या हाताला मी दिसेन. डोक्यावर पिवळी टोपी, खाली पांढरा रंग आणि त्यावर काळ्या अक्षरांत 'पुणे १६'. माझं सगळं शिक्षण एवढंच.

मित्रांनो, दगडांबद्दल माणसांचं मत फारसं बरं नाही, हे मला ठाऊक आहे. वर्गात उत्तर आलं नाही की मुलाला 'दगड' म्हणतात. नाइलाजाने काही पत्करावं लागलं की 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणतात. आणि खात्रीची गोष्ट सांगायची वेळ आली की मात्र त्यांना काळ्या दगडावरची रेघच आठवते. आमची अब्रू अशी माणसांच्या सोयीने वर-खाली होत असते. आता त्याचं काही वाटत नाही.

माझा जन्म वाघोलीच्या खाणीतला. एका पाथरवटाने छिन्नी-हातोड्याने मला आकार दिला. माझा उजवा खांदा जरा उतरता राहिला, पण रस्त्याच्या कामाला तेवढं चालतं. मला आणून एका मोठ्या चिंचेखाली रोवलं. तो काळ माझ्या मानाचा होता. ट्रकवाले मला बघून जेवायला कुठे थांबायचं ते ठरवत. एसटीच्या खिडकीत बसलेली मुलं माझा आकडा मोठ्याने वाचत आणि पुण्याला जाणाऱ्या माहेरवाशिणी मला बघून पिशव्या आवरायला लागत. कोणी माझे आभार मानले नाहीत, पण माझ्यावर कोणाचा अविश्वासही नव्हता.

मग काळ पालटला. आसपासच्या उसाच्या शेतांत आधी कारखाने आले, नंतर काचेच्या इमारती आल्या. गाड्या वाढल्या, त्यांचा वेग वाढला, आणि रस्त्यावर डोक्याच्याही वर हिरव्या पाट्या लागल्या. मला वाचायला कोण थांबतो? एकाने माझ्या तोंडावर जाहिरात चिकटवली, 'संगणक शिका, परदेशी जा'. मी शिकलोही नाही आणि गेलोही नाही.

पण जाणं माझ्या नशिबात होतं, फक्त फार लांबचं नव्हतं. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा आम्हा सगळ्या दगडांना उपटून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकलं. माझे भाऊबंद रस्त्याखालच्या एका मोरीच्या भरावात गेले. दुपारी जेवायला ट्रॅक्टर थांबला, तेव्हा मुकादमाची नजर माझ्यावर पडली. "हा धड आहे. रोवा इथंच," तो म्हणाला. "इथं सोळा होतं का?" एका मजुराने विचारलं. "कुठंतरी होतंच की," मुकादम म्हणाला आणि भाकरी सोडायला बसला.

अशा रीतीने मी पुण्याच्या दिशेने जवळजवळ दोन किलोमीटर अलीकडे आलो. पोटावर मात्र सोळाच राहिले. मला ते कळत होतं, पण करणार काय? दगडाला पाझर फुटतो म्हणतात. वाचा फुटल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

पुढे काही वर्षांनी, एका रविवारी उजाडता उजाडता, धापा टाकत पाच-सात माणसं माझ्यासमोर येऊन थांबली. सगळ्यांत पुढे पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले एक काटकुळे गृहस्थ होते. गोपाळकृष्ण सर, सदाशिव पेठेत राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. त्यांच्यामागे येरवड्याची नम्रता, हडपसरच्या एका काचेच्या इमारतीत संगणकावर काम करणारी. तिच्या ऑफिसातले दोघे-तिघे कधी येत, कधी नसत. आणि सगळ्यांत शेवटी, दमाने, पन्नाशीचे वैजनाथ. डिसेंबरात शहरात मॅरेथॉन होती. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. यांच्यापैकी एकानेही त्याआधी एवढं अंतर बसमध्ये बसल्याशिवाय कापलेलं नव्हतं.

सरांची योजना सोपी होती. शहरातल्या मोठ्या पोस्टाजवळ शून्याचा दगड आहे, तिथून पुण्याची अंतरं मोजतात. तिथून निघायचं, मला हात लावायचा आणि परत फिरायचं. "सोळा आणि सोळा बत्तीस," सर म्हणत. "सरावात बत्तीस झाले की पुढचे दहा टाळ्या पळवून घेतात." हात मात्र लावलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. नुसतं जवळ येऊन वळलं तर ते अंतर धरायचं नाही.

मग काय, दर रविवारी घामेजलेले तळवे माझ्या डोक्यावर पडू लागले. कोणी बाटलीतलं पाणी आधी स्वतःच्या आणि मग माझ्या डोक्यावर ओतायचं. इतकी शिकलेली माणसं लांबून धावत येतात, दगडाला हात लावतात, पाणी घालतात आणि मुकाट परत जातात, हे भाजीची हातगाडी लावणाऱ्या चंद्रभागाबाईंनी पाहिलं. पुढच्या रविवारी माझ्या कपाळावर कुंकू होतं आणि पायाशी कण्हेरीचं फूल. माणूस देव व्हायला जन्म घालवतो. मला महिना पुरला.

वैजनाथांबद्दल मला सगळ्यांत जास्त माया. ते परभणीकडचे, तरुणपणी हडपसरच्या एका कारखान्यात लेथवर लागलेले. सगळं आयुष्य तिथे काढलं आणि निवृत्तीला थोडी वर्षं असताना एके सकाळी फाटकाला आतून कुलूप दिसलं. ना निरोप समारंभ, ना हार, ना चार शब्द. तेव्हापासून ते घरात गप्प झाले होते. एकदा माझ्या शेजारी बसून बुटाची नाडी बांधताना नम्रताने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कशासाठी पळता?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "माझी नोकरी संपली नाही, पोरी. मधेच बंद पडली. एक तरी गोष्ट मला माझ्या पायांनी शेवटापर्यंत न्यायची आहे."

"काकूंना सांगितलंत?"

"विजयमालाला? तिला वाटतं मी फिरायला जातो."

मी ते ऐकलं आणि माझ्या अंगावरचा सोळा आकडा मला बोचू लागला. हा माणूस माझ्या भरवशावर बत्तीस धावल्याचं समाधान घरी नेत होता, आणि खरे अठ्ठावीसच होत होते. शर्यतीत त्याचे पाय नेमके तिथे संपले असते.

नोव्हेंबरात नम्रता कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जाऊन आली. येताना तिने आकाशातल्या उपग्रहांना विचारून अंतर सांगणारं घड्याळ आणलं. त्या रविवारी मला हात लावून तिने मनगट पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर, घड्याळ म्हणतंय चौदाच झालेत."

"आणि हा दगड काय म्हणतोय?"

"सोळा."

"मग झालं तर. हा सरकारी दगड आहे, काल-परवाचा नाही. तुझं घड्याळ गेल्या आठवड्यात आलंय. त्याला अजून हडपसर कुठे आहे ते कळायचंय."

सगळे हसले. वैजनाथही हसले. नम्रताने बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. मला फार वाईट वाटलं. दोन खऱ्या माणसांमध्ये खोटा साक्षीदार म्हणून मला उभं केलं होतं.

पण गणिताचा शिक्षक तो. शंकेचा खडा पायात गेला की त्याला धड चालता येत नाही. बुधवारी सर शून्याच्या दगडापासून रिक्षाने आले.

"उतरायचं ना, काका?" रिक्षावाल्याने विचारलं.

"उतरायला आलेलो नाही, मोजायला आलोय. तुमचं मीटर चौदा दाखवतंय. बरोबर आहे का?"

"मीटर कमी पडतंय म्हणून भांडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," रिक्षावाला म्हणाला.

सर अखेर उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. चंद्रभागाबाई मला फूल वाहायला आल्या होत्या. त्यांनी ते मीटरचं बोलणं ऐकलं होतं.

"ह्यो देव हितला न्हाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पुढं आमच्या घरापाशी चिंच हाय, तिच्याखाली व्हता. रोड केला तवा उचलून हितं आनला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई. आन् देव कुटं बी बसला तरी देवच की."

सर माझ्या शेजारी खाली बसले. 

रविवारी सगळे जमले तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं. "नम्रताचं घड्याळ बरोबर होतं. दगड दोन किलोमीटर अलीकडे आहे. चूक माझी." सदाशिव पेठेतला माणूस इतक्या कमी शब्दांत चूक कबूल करतो, हे मी स्वतः ऐकलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

तरुण मंडळी "ठीक आहे सर, पुढच्या वेळी जास्त पळू" म्हणाली. वैजनाथ मात्र माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मी एकदाही पुरं पळालो नाही."

"थोडंच कमी पडलं, वैजनाथराव."

"कमी म्हणजे अर्धवटच, सर. तेही अर्धवटच निघालं." एवढं बोलून ते परत निघाले. धावले नाहीत, चालत गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत.

सर कोणाची मनधरणी करणारे नव्हेत. ते वैजनाथांच्या घरी गेले आणि दारातच म्हणाले, "तुमच्याकडे पहार आहे का?" हे मला पुढे नम्रताकडून कळलं. पुणेरी माणूस माफी मागतो ती अशी. वैजनाथांकडे पहार होती. "पहार आहे, पण ती चालवायची माहिती तुम्हाला नसणार," असं म्हणून ते पहारीसोबत आले. पुणेरी माफी परभणीच्या माणसाने अशी स्वीकारली.

त्या सकाळी त्यांनी मला खणून काढलं. संगणकावर बोटं चालवणारे हात माझ्याभोवतीची माती उकरत होते. चंद्रभागाबाईंनी हातगाडी रिकामी करून दिली आणि मला तिच्यावर आडवं निजवलं. मी पूर्वीही प्रवास केला होता, पण तेव्हा मला फेकलं होतं. या वेळी चार जण धरून होते आणि खड्डा आला की वैजनाथ म्हणत होते, "सावकाश, त्याला हिसका बसतो."

जुन्या चिंचेखाली त्यांनी मला उभं केलं. नम्रताने घड्याळ पाहिलं आणि होकाराची मान हलवली. वैजनाथांनी पायाने माती दाबली. नंतर माझ्या डोक्यावर तळवा ठेवायला गेले आणि हात मागे घेतला. "आज नाही. मी हातगाडीबरोबर आलोय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते शून्यापासून धावत आले. सगळे माझ्यापाशी येऊन परत गेले, ऊन वर चढलं, तेव्हा ते वळणावर दिसले. पाय ओढत होते. शेवटचा थोडा रस्ता त्यांना किती लांब वाटत होता ते मला दिसत होतं, आणि तो मीच लांबवला होता. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मग ते वळले आणि परत निघाले.

मॅरेथॉन मी पाहिली नाही. दगडाला बोलावणं नसतं. तो सगळा दिवस मी नुसता शहराच्या दिशेला तोंड करून होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा आसनी रिक्षातून वैजनाथ उतरले, दोन्ही पाय लाकडाचे असावेत तसे. त्यांच्याबरोबर विजयमालाबाई होत्या. वैजनाथ माझ्या पायाशी बसले आणि चंद्रभागाबाईंना सगळी हकिगत विजयमालाबाईंनीच सांगितली.

"आदल्या दिवशी यांनी मला सांगितलं, पळायला जातोय, येशील का. मी गेले. सगळी माणसं येऊन गेली, सर आले, नम्रता आली. हे येईनात. वेळ संपली म्हणून तिथल्या पोरांनी शेवटच्या रेषेवरची कमान उतरवायला घेतली. एका बाजूची दोरी सोडलीसुद्धा."

"मंग वो?"

"मग मी जाऊन दुसऱ्या बाजूची दोरी धरली. म्हटलं, माझा माणूस अजून रस्त्यावर आहे. पोरं म्हणाली, काकू, सोडा. मी सोडली नाही. सर आले, नम्रता आली, त्यांनी सुटलेली बाजू वर धरली. मग ती पोरंही थांबली."

"कमान वाकडी होती," वैजनाथ हळूच म्हणाले.

"पण खालून आलात ना?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"आलो." आणि त्या माणसाला रडू आलं. कारखान्याचं फाटक बंद झालं त्या दिवशीचं ते रडू असावं, आत्ता कुठे बाहेर आलं. विजयमालाबाई त्यांच्या शेजारी मातीतच बसल्या आणि त्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या तळव्यावर दोरीचा लाल वळ उठला होता.

मित्रांनो, तुमचे रस्ते अजून रुंद होतील, आणि एखाद्या दिवशी मलाही भरावात जावं लागेल. त्याची माझी तक्रार नाही. नव्या गोष्टी यायच्या तर जुन्या निघायच्याच. माझं मागणं लहान आहे. काहीही बंद करायच्या, उतरवायच्या, गुंडाळायच्या आधी एकदा रस्त्याकडे बघा. कोणीतरी अजून धावत येत असतं. तो येईपर्यंत दोरी सोडू नका.