वरच्या कप्प्यातली चादर

मी एक जुनी चादर आहे, मित्रांनो, पण लगेच नाक मुरडू नका. जुनी असले तरी माझ्यावर कित्येक वर्षं कोणी झोपलं नाही, बसलं नाही, कोणी साधी कूसही बदलली नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. तक्रार म्हणून सांगते आहे.

केसमेंटच्या जाड पांढऱ्या कापडाची मी. जिला सगळे वहिनी म्हणतात, तिने लग्नाआधी माझ्यावर भरतकाम केलं. चारही कोपऱ्यांत निळ्या फुलांच्या वेली, कडेने साखळी टाका. एका फुलाला चुकून सहावी पाकळी आली, तेव्हा शिवणाच्या बाई म्हणाल्या, "उसव." ती म्हणाली, "नाही उसवणार. चादर माझी आहे." तेव्हाच मला वाटलं, या मुलीशी आपलं जमणार.

पण लग्नानंतर कपाटात माझी जागा ठरली. खालच्या कप्प्यात रोजच्या चादरी, मधल्यात मुलांची पांघरुणं, आणि सगळ्यांत वर मी, डांबरगोळ्यांच्या संगतीत. "ही पाहुण्यांना," वहिनी म्हणाली. झालं, शिक्का बसला!

पाहुणे काय थोडे आले? पण माझ्या लायकीचा एकही निघेना. चुलतसासरे आले, तर त्यांच्या डोक्याला तेल फार. यजमानांचे साहेब येणार म्हणून मला इस्त्री झाली, तर साहेब उभ्याउभ्या चहा घेऊन गेले. जावई आला, त्याला डांबरगोळ्यांच्या वासाने शिंका सुरू झाल्या. त्याने सरळ बॅगेतून स्वतःची चादर काढली. बाकीच्यांबद्दल वहिनी म्हणायची, "ते काय, घरचेच."

दर काही महिन्यांनी ती कपाट लावायची. ते बघण्यासारखं असे. सगळं पलंगावर काढायची, फळ्या पुसून नवे कागद घालायची. उशांचे अभ्रे त्यांच्या जोडीच्या चादरीतच सरकवायची, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको. माझी घडी दर वेळी वेगळी घालायची, कारण एकाच रेषेवर कापड विरतं. शेजारणी माझ्यावरून हात फिरवायच्या, "काय सुरेख काम!" म्हणायच्या, आणि मी पुन्हा वर.

खालच्या चादरींचा मला हेवा वाटायचा. त्या तापात घामाने भिजायच्या, पोरांच्या उड्या सोसायच्या. मध्ये विरल्या की वहिनी त्यांना उभं फाडायची, धड राहिलेल्या कडा मध्ये जोडायची, आणि त्या पुन्हा कामावर. असल्या सांधलेल्या चादरी नेहमी वहिनीच्याच पलंगावर.

मी गप्प बसले नाही हं. कपाट उघडलं की मी भसकन खाली उडी घ्यायचे. वहिनी मला झटकून पुन्हा वर कोंबायची. मी पुन्हा उडी घ्यायचे.

यंदा वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काही आठवडे पलंगावरच काढायचे होते. मदतीला तिची नणंद आली आणि आल्याआल्या कपाट उपसून बसली. वहिनी खुर्चीतून हुकूम सोडत होती.

रोजची चादर उजेडात धरून नणंद म्हणाली, "वहिनी, ही चादर आहे की चाळण? ही शिवण पाठीला टोचेल तुला. आपण ती वरची घालू."

"वन्सं, ती नको. ती पाहुण्यांची आहे."

"कुठले पाहुणे? आता आपल्याकडे डॉक्टरशिवाय येतंय कोण?"

"येईल की कोणी."

"मी आलेय ना? मला घाल."

"तुम्ही घरच्या."

"वा! म्हणजे राबायला मी घरची, नि झोपायला चाळण!"

नणंदेने मला ओढलं. वहिनीने खुर्चीतून वाकून माझा कोपरा पकडला. दोघीही सोडेनात. खरं सांगू, मी मनावर घेतलं असतं तर तगले असते. नाही घेतलं. फाटल्यावर माझी फडकी होतील, हे मला ठाऊक होतं. होऊ देत! फडक्याला निदान काम तरी असतं.

चर्र झालं. मी मधोमध घडीवर फाटले.

नणंदेचा चेहरा उतरला. "चुकलंच गं माझं. आता हिची फडकीच…"

"हात लावून बघा फक्त!" वहिनी कडाडली. मग माझी फाटलेली कड तिने बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "इतक्या घड्या बदलल्या, तरी घडीवर पिवळी पडलीच हो. जपूनच संपवत होते मी हिला. सुईदोरा द्या."

तिने मला सांधलं. टाके पूर्वीइतके सरळ आले नाहीत. शेवटची गाठ मारून ती म्हणाली, "घाला माझ्या पलंगावर."

"आणि पाहुणे आले तर?"

"त्यांना घाला की चाळण!"

दोघी इतक्या हसल्या की वहिनीला गुडघा धरावा लागला. मग नणंदेने तिला हळूच आडवं केलं. माणसाचं वजन काय असतं, ऊब काय असते, हे मला या वयात कळलं. दुपारी वहिनी उठली, तेव्हा तिच्या गालावर माझ्या वेलीचा ठसा होता.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हांला विनवतात, आम्हांला जपा. मी तसलं काही म्हणणार नाही. तुमच्या घरातल्या वरच्या कप्प्यात माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला आजच काढा. तिच्यावर लोळा, सांडा, मळवा, मग खसाखसा धुवा. आणि ती घालताना कोणी विचारलं, "आज कोण येणार आहे?" तर छाती काढून सांगा, "कोणी नाही. आम्हीच आहोत."