कोरी मोजणी

नमुना आत.

हेस्टर अ‍ॅक्रॉइड शिशाच्या विटांच्या कोनाड्याला टेकून बसली आहे आणि किरणं मोजणारा काउंटर टिकटिकतोय. कोनाड्यात टेल्युरियमचा राखाडी गोळा आहे. त्यातला एखादा अणू कधीतरी आपोआप फुटतो, असं गणित म्हणतं. पण ते इतकं क्वचित घडतं, की वर जमिनीवर आकाशातून कोसळणाऱ्या किरणांच्या कालव्यात त्याचा आवाज कुणाला ऐकूच येणार नाही. म्हणून इंग्लंडातल्या चेशरच्या या मिठाच्या खाणीत उतरायचं. डोक्यावर सगळी टेकडी आणि चहूकडे मीठ. मीठ गप्प असतं.

पद्धत साधी. नमुना आत ठेवून मोजायचं. मग नमुना काढून रिकाम्या कोनाड्याचं मोजायचं. ती कोरी मोजणी. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरेल ते टेल्युरियमचं.

आणि उरत होतं. दर खेपेला उरत होतं.

गोळा ठिसूळ आणि हेस्टरचा हात हलका, म्हणून नमुन्याची पाळी तिची. कोरी पाळी तिच्या सहकाऱ्याची, डेस्मंड टलीची.

"मी पोकळीचा रखवालदार," तो म्हणायचा. "सासऱ्यांनी विचारलं, जावईबापू, तुम्ही नेमकं करता काय? म्हटलं, काही नाही ते मोजतो. म्हातारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही."

"आणि बायको?"

"ती म्हणते, पगारही तसाच दिसतो."

शोधनिबंध तयार होता. प्रयोगाचे प्रमुख प्रोफेसर गारसाइड शुक्रवारी तो लंडनच्या सभेत वाचणार होते. त्यावर पहिलं नाव होतं अ‍ॅक्रॉइड. आजवर तिचं नाव यायचं ते शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत: मोजमापांबद्दल मिस अ‍ॅक्रॉइड यांचे आभार. पन्नाशी उलटली होती. पहिल्या नावाचं प्रूफ आलं त्या दिवशी तिने ते जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्याला टेकवून ठेवलं आणि समोर बसून एकटीने मटण-बटाटे खाल्ले.

नमुना बाहेर.

डेस्मंड तापाने पडला आणि सरांना सभेआधी आणखी एक कोरी मोजणी हवी होती. "कुणीही बसलं तरी चालेल, रिकामं तर मोजायचंय," सर म्हणाले. तेव्हा हेस्टर उतरली.

खाणीत खाली सोडणाऱ्या पाळण्यापाशी तो चालवणारा ईनक हल्स उभा होता. "डॉक्टरीणबाई, आज तुम्ही? पोकळीवाले साहेब कुठे गेले?"

"तापाने पडलेत."

"मग जाऊन औषध द्या की."

"मी तसली डॉक्टर नाही, ईनक."

"तेच म्हणतो मी. एवढं शिकून कुणाच्या कामाला आलात?" त्याने हात पुढे केला. तिने मनगटी घड्याळ त्याच्या तळव्यावर ठेवलं. चकाकत्या काट्यांचं घड्याळ खाली न्यायचं नाही, असा नियम होता. काट्यांवरचं रेडियम काउंटरला ऐकू जातं. तिच्या गालावरचा रुमाल पाहून ईनकचा आवाज उतरला. "दाढ अजून?"

"काढून कितीतरी आठवडे झाले. खड्डा भरतच नाही मेला."

खाली मोजणीच्या खोलीत तिने गोळा डबीत घातला. डबी बाहेरच्या गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, टोकाला, मिठाच्या दोन खांबांपलीकडे नेऊन ठेवली. परत आली, कोनाड्याचं दार लावलं, नेहमीच्या जागी बसली आणि काउंटर सुरू केला.

तो टिकटिकला. नेहमीसारखाच. तिच्या ओळखीच्या, भरलेल्या, वर्षभर रोज ऐकलेल्या लयीत. जणू गोळा आतच होता.

तिने दार उघडून पाहिलं. कोनाडा रिकामा होता.

भुकटी सांडली असेल. तिने विटा ओल्या फडक्याने पुसल्या, फडकं बाहेर नेऊन टाकलं.

तीच लय.

एप्रन असेल. एप्रन काढून गॅलरीत ठेवला. मग बूट. मग कोट. मग केसांतल्या पिना, कारण अशा वेळी माणूस पिनांवरही संशय घेतो. दर खेपेला ती चालत जायची, एकेक वस्तू डबीशेजारी मांडायची आणि थंड मिठावरून मोजे घातलेल्या पायांनी परत येऊन बसायची. स्कर्ट गेला. मोजेही गेले. शेवटी अंगावर नुसता परकर उरला. बाहेर गॅलरीत तिच्या कपड्यांची एक बाई आडवी पडल्यासारखी दिसत होती, आणि इथे

टिक टिक टिक टिक.

आता खोलीतून काढण्यासारखं काय राहिलं?

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात तो हाच. ती उठली. दोन पावलं मागे सरली. टिकटिक विरळ झाली. आणखी मागे. आणखी विरळ. ती दारातून बाहेर गेली तेव्हा काउंटर एखाद्या झोपलेल्या माणसासारखा अधूनमधून हुंकारत होता, बस.

ती पुढे आली. तो जागा झाला.

ती मागे गेली. तो झोपला.

असं तिने किती वेळा केलं ते तिला नंतर सांगता आलं नाही. शेवटच्या खेपेला ती थेट काउंटरपाशी गेली, वाकली आणि दाढेचा तो न भरणारा खड्डा ज्या बाजूला होता तो गाल तिने काउंटरच्या थंड नळीला टेकवला. टिका एकमेकींवर चढल्या. सुटी अशी टिक उरलीच नाही. नुसती सळसळ, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी.

व्हिएन्नाची प्रयोगशाळा. ती तेविशीची होती. रेडियमचं द्रावण काचेच्या नळीने ओढायचं, नळीचं टोक ओठांत धरून, सरबत प्यायल्यासारखं. सगळेच तसं करत. कधी थेंब तोंडात आला की थुंकायचं, हसायचं, पुढची नळी घ्यायची. हात हलका असण्याचा तिला अभिमान होता. रेडियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत नेऊन बांधतं, घर बांधताना चुकीची वीट बसवावी तसं. त्याचं अर्धं बळ जायला सोळाशे वर्षं लागतात. तिला पुरतील त्या मातीत, तिच्या नावाचा दगड झिजून गेल्यावरही, हेच चालू राहणार.

नमुन्याच्या पाळीला ती बसायची. कोऱ्या पाळीला डेस्मंड. तिच्यातून तो वजा केला की उरत होती ती.

नमुना बाहेर, तरी आत.

पाळण्याच्या तळाशी बाहेर लावता येणारा टेलिफोन होता; मोजणीच्या खोलीतला फक्त खाणीतल्या खाणीत चालायचा. तिने कोट चढवला आणि सरांना गाठलं. सगळं सांगितलं.

"तब्येतीचं आधी बघा," प्रोफेसर गारसाइड म्हणाले. "लंडनला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. उत्तम माणूस."

"आणि निबंध, सर?"

"तुमची खात्री आहे?"

"मी खोलीत असले की आकडा येतो. नसले की येत नाही."

"म्हणजे पाळ्या पहिल्यासारख्या ठेवल्या तर तो येतच राहील."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"शुक्रवार जाऊ द्या, मिस अ‍ॅक्रॉइड. तुम्ही तुमच्या जागी बसा, टली त्याच्या जागी बसेल. खोटं कुणीच बोलत नाहीये. काउंटर जे ऐकतो तेच आपण लिहितो. आणि वर तुमचं नाव आहे. पुन्हा अशी संधी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

आणि खरं सांगायचं तर ती डगमगली. रिसीव्हर हातात धरून उभी असताना तिला ते प्रूफ दिसलं, पहिलं नाव दिसलं, आणि ते नाव टिकवायला काय करावं लागेल तेही दिसलं. काहीच नाही. फक्त बसून राहायचं. श्वास घेत.

नमुना आत. हेस्टर बाहेर.

दुसऱ्या दिवशी डेस्मंड आला. गळ्याला लोकरी मफलर, नाक लाल. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो हसला, मग तिच्याकडे पाहून थांबला.

"हेस्टर, माझी चेष्टा करू नकोस. अजून ताप आहे मला."

"हात दे."

तिने त्याला कोनाड्यापाशी नेलं आणि दोघांचे हात पाळीपाळीने नळीजवळ धरले. त्याच्या हाताला काउंटर झोपलेलाच राहिला. तिच्या हाताला... डेस्मंडने आपला हात झटकन मागे घेतला, आणि लगेच, लाजून, परत पुढे करून तिचा धरला.

"दुखतं?"

"दाढ तेवढी." ती हसली. "आता तू माझ्या जागी बस. गोळा आत ठेव. मी पाळण्याच्या तळाशी जाते, तिथून इथल्या फोनवर बोलते."

ती लांबच लांब गॅलरीतून चालत गेली. इतकी लांब, की मध्ये नुसतं मीठ उरलं. फोन फिरवला.

"नमुना आत आहे?"

"आहे." त्याचा आवाज बसलेला होता.

"मोज."

ती थांबली. तो मोजत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "कोऱ्याइतकंच आहे. काही फरक नाही."

"परत मोज."

पुन्हा मोजलं. पुन्हा काही नाही. टेल्युरियम फुटत असेल तर ते कुणालाही ऐकू येणार नाही इतक्या हळू.

"मग शुक्रवारी हाच आकडा जाईल," ती म्हणाली. "काही सापडलं नाही, आणि जे सापडलंसं वाटलं ते का वाटलं, तेही लिहायचं."

"सर ऐकणार नाहीत."

"पहिलं नाव माझं आहे ना? मग माझ्या नावाखाली मी सांगेन तेच जाईल. नाहीतर नाव खोडा म्हणावं, मी बाकीच्यांना तोंडी सांगेन."

तारेत डेस्मंडचा श्वास ऐकू येत होता. श्वासामागे ती खोली होती. विटा, कोनाडा, तिची खुर्ची.

"हेस्टर," तो हळूच म्हणाला. "परत ये ना. इथे फार शांत झालंय."

तिने रिसीव्हर कानाला धरून ठेवला. पलीकडून एक टिक आली. मग कितीतरी वेळ काहीच आलं नाही. ती खोली आता तिच्याशिवायची होती, आणि बरोबर होती.