वाटेतला समुद्र

“आपण बदलीवर नाही, सहलीला चाललोय. समजलं का सगळ्यांना?” हवालदाराने गाडीची डिकी तिसऱ्यांदा आपटली. या खेपेला ती लागली.

मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसलेली थोरली म्हणाली, “सहलीला गेलेली माणसं परत घरी येतात, बाबा.”

हवालदार हसला. उत्तर सुचलं नाही की तो हसायचा. थोरलीच्या शेजारी, गादीची वळकटी आणि बादली यांच्या मधल्या खोबणीत तिचा धाकटा भाऊ गुंड्या बसला होता. बादलीत कुकर होता, कुकरात चहा-साखरेचे डबे होते आणि डब्यांच्या फटीत काडेपेटी. बाकीचा संसार सकाळीच ट्रकमधून पुढे गेला होता. ट्रक पोचेपर्यंत नव्या क्वार्टरमध्ये पहिला चहा आणि पहिली झोप निभावली पाहिजे, एवढंच गाडीत घ्यायचं, ही सिस्टरला एवढ्या बदल्यांतून आलेली अक्कल होती.

सिस्टर म्हणजे हवालदाराची बायको. घरात ती आई होती आणि ‘अगं’ होती, पण लष्करी छावणीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. जवळच्या सरकारी दवाखान्यात ती लहान मुलांना लस टोचायची. ज्या गावात बदली होईल तिथे मिळेल ती हंगामी नोकरी धरायची आणि जरा हात बसला, पेशंट नावाने ओळखायला लागले, की सोडायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचवाला पोरांच्या शाळेचे दाखले तरी काढावे लागत नाहीत, असं ती म्हणायची.

सहलीची कल्पना हवालदाराची. गेली दोन वर्षं तो अशा ठाण्यावर होता, जिथे बायकामुलांना नेता येत नाही. आता सगळ्यांनी एकत्र राहायचं ठिकाण मिळालं होतं, तेही देशाच्या दुसऱ्या टोकाला. रुजू व्हायच्या आधी चांगली सुट्टी होती. आठवडाभर तो रोज जेवण झालं की नकाशा पसरून बसायचा. आधी तळं, मग डोंगर, मग समुद्र, मग नवं घर. बोट फिरवत तो सगळ्यांना ऐकवायचा. सिस्टर समोर बसून कपबशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत असायची.

“तुला काय बघायचंय ते सांग ना,” तो म्हणाला होता.

“मला कुठल्याही खोलीत नेऊन दुपारभर झोपू द्या. माझी सहल झाली.”

तो हसला होता.

तळ्यावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हवालदाराने होडी ठरवली आणि वल्ही स्वतःच्या हातात घेतली. गुंड्या हरखून गेला. त्याला बापाचे दंड, बापाचा घाम, बापाचं मोठ्याने ओरडणं, सगळंच नवं होतं. थोरली काठावरच्या बाकावर बसून राहिली. “डोकं दुखतंय,” म्हणाली. सिस्टर तिच्याशेजारी बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तोंड उघडं टाकून, पर्स पोटाशी धरून, ती येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर गाढ झोपली. जाग आली तेव्हा तिचं डोकं मुलीच्या खांद्यावर होतं आणि थोरली हललीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या खानावळीत हवालदाराने मोठ्या उत्साहाने सगळ्यांसाठी मागवलं. थोरलीच्या समोर दोन अंड्यांचं ऑम्लेट आलं.

“घे, तुझ्या आवडीचं.”

“मी अंडं खात नाही.”

“कधीपासून?”

“वर्ष झालं, बाबा.”

हवालदाराने बायकोकडे बघितलं. सिस्टरने ऑम्लेटची बशी आपल्यापुढे ओढली आणि आपला पाव मुलीकडे सरकवला. मुलांचं जे जे बदललं होतं ते त्याला फोनवर सांगायचं राहून गेलं होतं. फोनवर तो विचारायचा, सगळं ठीक ना, आणि ती म्हणायची, ठीक. त्या एका शब्दात काय काय कोंबलेलं असायचं ते त्याला कसं कळणार!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बसल्या जागी फोन उचलून तो उभा राहिला, आणि ज्या तऱ्हेने उभा राहिला त्यावरूनच सिस्टरने ओळखलं. घरातला माणूस असा ताठ उभा राहत नाही.

“जी साहेब,” तो म्हणाला. “जी. पोचतो, साहेब.”

फोन खिशात ठेवून तो परत बसला. चहाचा कप उचलला, तसाच ठेवला.

“सुट्टी रद्द,” तो म्हणाला. “लगेच बोलावलंय. इथून दुपारची ट्रेन आहे, तीच पकडावी लागेल.”

“आणि आम्ही?” सिस्टरने विचारलं.

“तू गाडी चालवतेसच की.”

“दवाखान्यापर्यंत चालवते हो. ट्रकांच्या रांगेत कधी घातलीय मी?”

“सावकाश चालव. सरळ घरी जा, कुठं थांबू नका.” मग गुंड्याच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, “समुद्र काय, कुठं पळून जातोय? मी येईन ना, तेव्हा जाऊ.”

“तुम्ही प्रॉमिस केलं होतं,” गुंड्या म्हणाला.

“राजा, वरून हुकूम आलाय.”

“तुमच्याही वर कोणी आहे?”

थोरली एकदम फिसकन हसली. त्या सकाळी टेबलावर कोणी हसलं असेल तर तेवढंच.

स्टेशनवर त्याने सिस्टरच्या हातात किल्ली दिली. “चाकात हवा बघून घे,” म्हणाला. आणखी काही बोलायचं असावं, पण मागून गर्दीचा लोंढा आला आणि तो डब्यात ढकलला गेला. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला. गुंड्या धावत तो हात धरायला गेला, पण खिडकी उंच होती.

सिस्टर गाडीत येऊन बसली. किल्ली फिरवली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिला राग आला होता, पण राग धरायलाही अंगात जोर लागतो आणि तो महिनाभराच्या बांधाबांधीत संपला होता. कुणावर रागवायचं? नवऱ्यावर म्हणावं तर त्याचं तोंड तिच्याहून उतरलेलं.

“आई,” थोरली म्हणाली, “पुढे येऊन बसू? रस्ता सांगते.”

रस्ता सांगायचं फारसं कारण नव्हतं. सरळच जायचं होतं. तरी पोरगी नकाशा मांडीवर घेऊन बसली आणि ट्रक मागे लागला की म्हणायची, “जाऊ दे त्याला, आई. आपल्याला कुठं मुंज गाठायचीय?” हे वाक्य सिस्टरचंच होतं. आपलं बोलणं मुलीच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटा आला. सरळ गेलं तर घर, डावीकडे समुद्र. सिस्टरची पाठ भरून आली होती. कधी एकदा पोचते आणि अंग टाकते असं झालं होतं. तिने गाडी कडेला घेतली. मागे गुंड्या जागा होता, पण त्याने तोंडातून शब्द काढला नाही. नुसता डावीकडच्या पाटीकडे बघत होता. त्याने हट्ट केला असता तर तिने एक धपाटा घालून गाडी सरळ हाकली असती.

तिने गाडी डावीकडे वळवली.

समुद्र करडा होता आणि वाळूवर माणसं तुरळक. गुंड्याने चपला भिरकावल्या. लाट आली की तो किंचाळायचा, “आई, उचल!” सिस्टर कपडे गुडघ्यापर्यंत वर खोचून पाण्यात उभी होती. दर लाटेला ती त्याला काखेत हात घालून वर उचलायची, लाट खालून गेली की टेकवायची. पोरगं चांगलं वजनदार झालं होतं. कमरेतून कळ निघत होती, आणि तरी तोंडातून “आली, आली, आली!” असं निघत होतं. कितीतरी वेळाने दम लागून ती वाळूत येऊन बसली. ओल्या कपड्यांनाच वाळू चिकटली.

थोरली जवळ आली. “आई, तुला दवाखान्यात कायम करणार होते ना?”

सिस्टरने मान वळवली. “तुला कोणी सांगितलं?”

“तुझ्या डॉक्टरबाई. दाखला आणायला गेले तेव्हा भेटल्या. म्हणाल्या, आई नाही म्हणाली त्याचं फार वाईट वाटलं.”

“त्यांच्या जिभेला हाड नाही.”

“बाबांना माहितीये?”

“त्यांना कशाला सांगायचं? बदली थांबली असती का?”

“आपण तिघं राहिलो असतो तिथेच. माझी शाळा, तुझी नोकरी. बाबा तसेही नसतातच.”

सिस्टरने गुंड्याच्या चपला वाळूतून जवळ ओढल्या. मग म्हणाली, “ऑम्लेट आलं तेव्हा त्यांचं तोंड बघितलंस ना? आणखी दोन वर्षं लांब राहिले असते तर तुझी चप्पलसुद्धा त्यांना ओळखू आली नसती. म्हणून म्हटलं, एका घरात राहू या.” ती हाताची वाळू झटकायला लागली. “आता बघ.”

 थोरलीने ओंजळीतून पाणी आणलं आणि खाली बसून आईच्या पायाला चिकटलेली वाळू धुतली, जशी लहान मुलाची धुवावी तशी.

नव्या छावणीत पोचले तेव्हा क्वार्टरची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. त्यांचे यजमान त्याच पलटणीत होते. “अगं, कालच गेली सगळी पलटण पुढे,” काकू म्हणाल्या. “तुझे हे आले, सामान टाकलं, निरोप ठेवला आणि तासाभरात निघाले. किती दिवस ते काही सांगितलं नाही. सांगतात कुठं!”

“पोचले ना नीट?” एवढंच सिस्टरने विचारलं.

ट्रक यायचा होता. सिस्टरने बादलीत पाणी भरलं, फडकं पिळलं आणि स्वयंपाकघरातली फळी पुसायला घेतली. आधीच्या कोणाच्या तरी डब्यांचे गोल डाग त्यावर होते. काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहून गुंड्याशी बोलायला लागल्या.

“काय रे, वाटेत काय काय बघितलंस?”

“समुद्र,” गुंड्या म्हणाला. “एवढ्या मोठ्या लाटा होत्या. लाट आली की बाबा मला उचलायचे. असं, पार वर! मग लाट खालून जायची.”

सिस्टरचा हात फळीवर थांबला. थोरलीने चटकन भावाकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं होतं. सिस्टरला वाटलं, आता ही बोलणार.

“हो ना,” थोरली म्हणाली. “आणि बाबांची चप्पल वाहून गेली. एकच राहिली.”

“एकच!” गुंड्या खिदळला. आता त्यालाही ती चप्पल दिसत होती.

“मग बाबा लंगडत गेले गाडीपर्यंत,” थोरली म्हणाली.

काकू हसल्या. “नशीबवान आहात गं. आमच्याकडे कधी जमलंच नाही असं सगळ्यांनी मिळून जायचं. म्हणजे तुझे हे होते तर बरोबर?”

सिस्टरने फडकं परत पाण्यात बुडवून पिळलं. हात वर करताना कमरेत अजून दुखत होतं.

“होते की,” ती म्हणाली, आणि फळीचा उरलेला भाग पुसायला लागली.